डब्याएवढा कॉम्प्युटर

ती बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

तेव्हा मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. शाळेत एकच कॉम्प्युटर होता, तोही ऑफिसात, आणि त्याला हात लावायचा मान फक्त क्लार्कबाईंचा. आमच्यातल्या दोघी-तिघींनी मुलांसाठी म्हणून घरी कॉम्प्युटर घेतले होते. हळदीकुंकवाला गेलं की ते दिसायचे. हॉलचा एक कोपरा पूर्ण अडवलेला, खाली उभं धूड, वर टीव्हीपेक्षा जाड पडदा, शेजारी यूपीएस आणि या सगळ्यावर भरतकामाचं कव्हर. आमचं घर दोन खोल्यांचं. दोन्ही मुलं अभ्यासाला बसली की माझ्या पेपर तपासण्याला स्वयंपाकाचा ओटा उरायचा. असलं धूड ठेवायचं कुठे?

आणि त्या दिवशी पेपरात ती बातमी. एका कंपनीने नवा कॉम्प्युटर जाहीर केला होता. जेवणाच्या डब्याएवढा. त्याला वेगळा पडदा लागत नाही, घरच्या टीव्हीला वायर जोडली की काम सुरू. किंमत आमच्यासारख्यांना झेपेल अशी. सोबत फोटो होता, एका बाईच्या तळहातावर तो डबा. मी बातमी दोनदा वाचली. मग मधल्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवली. वाचताना माझा आवाज चढला असावा, कारण चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, “बाई, तुम्ही कंपनीच्या एजंट आहात का?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण कात्रण कापून घेतलं आणि टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

मला कॉम्प्युटर मुलांसाठी नको होता. मला तो शब्दांसाठी हवा होता.

माझं माहेर नामपूरचं. घरात अहिराणी बोलायचे. मी डी.एड.ला नाशिकला आले, तेव्हा होस्टेलच्या मुलींना माझं ‘शे’ फार विनोदी वाटायचं. ‘आहे’च्या जागी मी ‘शे’ म्हटलं की एकजण हमखास विचारायची, “शेळी हाकतेस का गं?” दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझं ‘शे’ गेलं. नंतर लग्न झालं, नोकरी लागली, मराठीची शिक्षिका झाले, शुद्धलेखनाच्या चुकांना लाल खुणा करू लागले. आई माझ्याशी अहिराणीत बोलायची आणि मी तिला मराठीत उत्तर द्यायचे. असं वीस वर्षं चाललं होतं आणि दोघींनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

एकदा ती आमच्याकडे राहायला आली असताना सकाळी माझ्या धाकट्याला म्हणाली, “नळले गंज पाणी उनं.” नळाला भरपूर पाणी आलं, एवढंच तिला सांगायचं होतं. पोराला वाटलं, पाण्यात गंज आहे. तो दिवसभर पाणी प्यायला नाही. संध्याकाळी उलगडा झाला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. रात्री मात्र माझ्या मनात आलं की ‘गंज’ या शब्दाचा हा अर्थ माझ्या मुलांना कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या लग्नपत्रिका घेतल्या, त्यांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या आणि पहिल्या पट्टीवर ‘गंज’ लिहिलं.

पुढे ते वेडच लागलं. आई आली की मी पट्ट्या घेऊन तिच्याजवळ बसायचे. ती भाजी निवडायची आणि मी विचारायचे. हे कशाला म्हणतात, ते कसं म्हणतात. तिला याची गंमत वाटायची. पट्ट्या मी खडूच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायचे. खोकी वाढत गेली आणि घोळही वाढला. अहिराणीत डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, काळ्याला ‘काया’. जिथे आपण ‘ळ’ म्हणतो तिथे ‘य’. मग शब्द ‘ळ’ धरून लावायचे की ‘य’ धरून? एकदा लावलेली खोकी मी परत काढायचे, परत लावायचे. क्लार्कबाईंनी एकदा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वर्गाची यादी एका बोटाने अकारविल्हे लावून दाखवली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच होतं. माझे शब्द तसे आपोआप लागतील. आणि तो कॉम्प्युटर टीव्हीजवळच्या फळीवर मावेल.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “टीव्हीला जोडायचा? आणि मॅच असली तर?”

“मॅच रोज असते का?”

“हल्ली रोजच असते,” तो म्हणाला. ते खरंच होतं. पण तो नाही म्हणाला नाही.

स्टाफरूममध्ये त्या कॉम्प्युटरला ‘बाईंचा डबा’ असं नाव पडलं. “बाई, डबा आला का?” असं कोणी ना कोणी रोज विचारायचं. मला राग यायचा नाही, उलट उत्तर द्यायला हुरूप यायचा. पेपरात त्याच्याबद्दल दोन ओळी आल्या तरी मी त्या शोधून काढायचे. जे आलं नव्हतं तेही मी हळूहळू सांगायला लागले होते. खोटं बोलते आहे असं मला वाटत नव्हतं. इतका चांगला कॉम्प्युटर आहे म्हणजे हेही असणारच, असं वाटायचं.

हे सगळं मोठ्या बाईंच्या कानावर गेलं. मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांना शाळेत कॉम्प्युटरची खोली करायची होती आणि त्यासाठी पालकांचं मन वळवायचं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, “पालकसभेत दहा मिनिटं तुम्ही बोला. तुमचा अभ्यास आहे.”

अभ्यास म्हणजे माझ्याकडे काचेखालचं एक कात्रण होतं. कॉम्प्युटरच्या बटणांना मी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. हे तेव्हा सांगता आलं असतं. पण ‘तुमचा अभ्यास आहे’ हे वाक्य मला इतकं गोड लागलं की मी मान हलवली.

पालकसभेला मी दहाऐवजी बराच वेळ बोलले. मुली घरी शिकतील, आया मुलींबरोबर शिकतील, पत्रं लिहिता येतील, हिशेब करता येईल, असं सगळं बोलले. पुढे बसलेल्या एका आईने विचारलं, “पण इंग्रजी यायला लागतं ना?” मी म्हणाले, “मुळीच नाही. मराठीत सगळं लिहिता येतं.” बातमीत मराठीचं नावही नव्हतं. मखमलाबादकडचे एक भाजीवाले पालक मागून उठले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. “बाई, आमच्याकडं लाईट लय जाती. मंग?” मी म्हणाले, “त्याला आत बॅटरी असते.” तेही कुठे वाचलेलं नव्हतं. टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंनी माझा हात धरून दाबला. घरी जाताना मी रिक्षा न करता चालत गेले, इतकी खूश होते.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लोक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले. भाचा पास झालाय, त्याला हा घ्यावा की मोठा? आमचा टीव्ही जुना आहे, चालेल का? मी सगळ्यांना उत्तरं देत होते.

त्याच सुमारास आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आली. ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावर हिरवा गडद चष्मा आणि दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब. तिला घरात बसून कंटाळा यायचा. नामपूरला तिचं आयुष्य मार्केटमध्ये कांदा निवडण्यात गेलं होतं. तिथे बायांच्या रांगेतून ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून तिचा आवाज मोठा होता. आमच्या बिल्डिंगमध्ये ती जिन्यात बोलली की वरच्या मजल्यावर कळायचं. तिला मी कॉम्प्युटरबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली, “इतलासा डबा? तेनामा मन्हा शब्द कसा मावतीन?” एवढ्याशा डब्यात माझे शब्द कसे मावतील, हा तिचा प्रश्न होता. मी म्हणाले, “मावतील. बघच तू.”

आणि एक दिवस बातमी आली की कंपनीची माणसं तो कॉम्प्युटर दाखवायला नाशिकला येणार. रविवारी सकाळी, एका मंगल कार्यालयात. मोठ्या बाईंनी लगेच ठरवलं. शिक्षक तर जाणारच, ज्या पालकांना यायचं त्यांनीही यावं. आई म्हणाली, “मी बी येस.” मी म्हटलं गर्दी असेल, धूळ असेल, डोळा सांभाळायचा आहे. ती ऐकेना. शब्द तिचे होते, ती बघणारच. शेवटी तिला रिक्षात घालून घेऊन गेले. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. समोर टेबलावर टीव्ही आणि त्याच्या शेजारी तो. फोटोत होता तेवढाच. खरं सांगते, मला भरून आलं. एखाद्या स्थळाबद्दल कितीतरी दिवस ऐकून असावं आणि मुलगा समोर येऊन बसावा, तशी मी त्याच्याकडे बघत होते. दाखवायला पंचविशीची एक मुलगी होती, मुंबईहून आलेली, हिंदीत बोलणारी. हसतमुख आणि चटपटीत. तिने चित्रं दाखवली, गाणं वाजवलं, गणित करून दाखवलं. मग म्हणाली, “अब आप में से कोई आइए.”

कोणी उठेना. मोठ्या बाई मागे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आमच्या बाईंना सगळं माहितीये. जा हो बाई.”

मी गेले. न जाण्याचा काही मार्गच नव्हता. मुलीने मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “अपना नाम टाइप कीजिए.” समोर बटणांची पाटी. सगळी अक्षरं इंग्रजी आणि तीही क्रमाने नाहीत. मला वाटलं होतं ए, बी, सी अशी ओळीत असतील. मी एक अक्षर शोधलं, दाबलं. दुसरं शोधायला इतका वेळ लागला की पहिल्या बटणावरचं बोट उचलायचं राहून गेलं, आणि पडद्यावर एकच अक्षर ओळच्या ओळ धावत सुटलं. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मुलीने पुढे वाकून ते पुसलं आणि म्हणाली, “कोई बात नहीं, पहली बार ऐसा होता है.”

पहली बार. हे शब्द हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकले. चित्रकलेच्या बाईंनी मान खाली घातली. माझ्यासाठी त्यांना लाज वाटली असावी. मोठ्या बाईंचा चेहरा मी पाहिलाच नाही.

मी सावरून विचारलं, “मराठीत कसं लिहायचं?”

“मराठी अभी नहीं है, मैडम. हिंदी भी नहीं. आगे आ जाएगा.”

मागून मखमलाबादचे ते पालक उभे राहिले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. “बाई, तुम्ही तर म्हणल्या व्हत्या मराठीत लिहितो म्हणून. आन बॅटरीचं काय?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. “बैटरी? नहीं नहीं, इसमें बैटरी नहीं है.”

कानाच्या पाळ्या तापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून माझी आई उठली. हिरवा चष्मा, हिरवं लुगडं, आणि कांद्याच्या मार्केटमधला तो आवाज.

“मन्ही पोरले काय इचारतस? त्या डबाले इचारा ना! डबा तुमना शे का तिना?”

माझ्या पोरीला काय विचारता, त्या डब्याला विचारा, डबा तुमचा आहे की तिचा. सगळा हॉल हसायला लागला, आणि या वेळी जोरात हसला. काही लोकांना ते पटलंही असेल. दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. आई टेबलापाशी आली. त्या मुलीला म्हणाली, “येनामा मन्हा शब्द घालना शेतस. घालता येतीन का नही, तेवढं सांग.”

मुलीला एक अक्षर कळलं नव्हतं. पण ती वागायला चांगली होती. तिने वहीवर पेन टेकवलं आणि मला विचारलं, “आंटी कौनसी भाषा बोल रही हैं? मैं कंपनी को लिख दूँगी. शायद इसका भी कुछ हो जाए.”

तिने साधा प्रश्न विचारला होता आणि तिला उत्तर देऊ शकेल असं त्या हॉलमध्ये माझ्याइतकं योग्य माणूस कोणी नव्हतं. घरी खोक्यांवर खोकी रचलेली होती. मी म्हणाले, “नहीं, वो भाषा नहीं है. ऐसे ही, गाँव का बोलना है.”

मुलीने पेन उचललं. आई माझ्याकडे बघत होती. हिरव्या काचांमागचे डोळे मला दिसत नव्हते. हिंदी तिला चांगलं समजायचं. मार्केटमध्ये व्यापाऱ्यांशी तिचा सगळा व्यवहार हिंदीत चालायचा.

ती मागे फिरली. तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

परत येताना रिक्षा द्वारकेला ट्रकांमध्ये अडकली. मी काहीबाही बोलत राहिले. कॉम्प्युटर चांगलाच आहे, मराठी येईलच, नवीन वस्तूचं असं होतं. आई बाहेर बघत होती. घरी आल्यावर मी तिच्या डोळ्यात औषध घातलं. ती म्हणाली, “झालं आहे का? मग मी पडते.”

मला आधी कळलंच नाही काय वेगळं आहे. संध्याकाळी ती माझ्या मुलाला म्हणाली, “दूध गरम आहे, सावकाश पी.” रात्री नवऱ्याला म्हणाली, “भाजी चांगली झाली आहे.” तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. ‘आहे’ हा शब्द तिला येत नव्हता असं नाही. तलाठी, डॉक्टर, बँकेतले साहेब यांच्यासाठी ती तो वापरायची. घरात मी तो तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि ती तो इतका जपून म्हणत होती, शाळेतल्या मुली कविता म्हणताना जशा एकेका शब्दावर पाय ठेवून जातात तशी.

धाकट्याने तिला विचारलंच. “आजी, तू अशी का बोलतेस?”

“तुझ्या आईच्या शाळेतले लोक येतात ना,” ती म्हणाली. “बरं दिसतं.”

ती चिडून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती माझी सोय बघत होती. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि बाहेर येण्याची हिंमत होत नव्हती. त्या हॉलमध्ये लोक हसले त्याची लाज दोन दिवसांत ओसरली असती. ही लाज वेगळीच होती. तिचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. मी तिला म्हणायला हवं होतं, आई, चुकलं माझं. पण ते म्हणायचं तर कोणत्या बोलीत म्हणायचं? मराठीत म्हटलं असतं तर ती मराठीतच म्हणाली असती, ‘असू दे, काही हरकत नाही.’ ते ऐकायची माझी तयारी नव्हती. आठवडाभर ती राहिली. मी पट्ट्या काढल्या नाहीत, तिनेही विचारलं नाही. मग भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

शाळेत मी काही दिवस खाली मान घालून वावरले. ‘बाईंचा डबा’ हा शब्द एकाएकी बंद झाला आणि तेच मला जास्त लागलं. सगळ्यांनी एवढं सांभाळून घ्यावं अशी माझी अवस्था त्यांना दिसत होती तर. काचेखालचं कात्रण मी काढलं. मोठ्या बाई मात्र मोठ्या मनाच्या निघाल्या. “अहो, उत्साहाच्या भरात होतं,” एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी शाळेसाठी तो कॉम्प्युटर घेतलाच. वर्षभराने त्यात मराठी अक्षरं बसवायची सोयही झाली. क्लार्कबाईंनी सीडीवरून ती घातली आणि मला म्हणाल्या, “आता तुम्हीच पहिल्या बसा.”

मी नको म्हणत होते. त्यांनी हात धरून बसवलं. शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास त्या मला शिकवायच्या. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, जोडाक्षर कसं करायचं. टीव्हीवर अक्षरं थरथरायची, डोळे दुखायचे. पण एक दिवस मी ‘गंज’ लिहिलं आणि ते पडद्यावर उमटलं. त्यानंतर मी रोज बसू लागले. तो पहिला हुरूप परत आला नाही. आता ते काम होतं आणि काम म्हणून बरं चालत होतं. ‘ऱ्हायनी’ मधला ‘ऱ्ह’ त्या अक्षरांत सापडता सापडेना, तेव्हा क्लार्कबाई आणि मी दोन दिवस त्याच्यामागे होतो.

अडचण दुसरीच आली. कितीतरी पट्ट्यांवर मी घाईत नुसता शब्द लिहिला होता. अर्थ पुढच्या वेळी विचारू म्हणून राहिला होता. आता ते अर्थ विचारायला नामपूरलाच जावं लागणार होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले. आई अंगणात शेजारणींबरोबर बसली होती. लांबूनच तिचा आवाज ऐकू आला, अहिराणीत, नेहमीचा, मोठा. मी दारात पोचले तशी ती थांबली आणि म्हणाली, “आलीस का? प्रवास बरा झाला ना?” शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं.

दुपारी पट्ट्या काढल्या. मी शब्द वाचायचे, ती म्हणायची, “ते असंच म्हणतात.” किंवा, “मला आता आठवत नाही.” सगळं मराठीत. थोड्या वेळापूर्वी तिने भावजयीला हाक मारताना त्यातलाच एक शब्द वापरलेला मी माझ्या कानांनी ऐकला होता. मी पट्ट्या खाली ठेवल्या. वीस वर्षांत जे बोलले नव्हते ते तोंडातून बाहेर काढायचा प्रयत्न केला.

“माय, तू माझ्यासंगे अशी काबर बोलतस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. चष्मा आता साधा होता, डोळे दिसत होते.

“काय म्हणनी?”

मी परत म्हटलं. काबर म्हणजे का, ते बरोबर होतं. बाकीचं धेडगुजरी झालंय हे मलाही कळत होतं.

“माझ्यासंगे नही वं,” ती म्हणाली, “मन्हासंगे. आनि बोलतस नही, बोलस.”

“तू मन्हासंगे अशी काबर बोलस?”

तिच्या तोंडावर काहीतरी हललं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि अंगणाच्या दिशेने ओरडली, “ऐका वं बाया! मन्ही आंडेर अहिरानी बोली ऱ्हायनी!”

माझी लेक अहिराणी बोलते आहे, असं ती सांगत होती. बाया आल्या. भावजय चुलीवरचं तसंच सोडून आली. आई मला म्हणाली, “बोल, आखो बोल.” मी चाळिशी उलटलेली बाई, नाशिकच्या शाळेत मराठी शिकवणारी, त्या सगळ्यांसमोर उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. त्या हसल्या, एकीने माझी नक्कल केली, दुसरीने सुधारून सांगितलं. पळून जावंसं वाटत होतं. मी उभी राहिले. मग एकेका पट्टीवरचा शब्द मी वाचायचे आणि त्या चौघी-पाचजणी भांडत भांडत अर्थ सांगायच्या. उन्हं उतरेपर्यंत चाललं होतं.

‘आई, चुकलं माझं’ हे मात्र त्या दिवशीही म्हणून झालं नाही. रात्री आईच्या शेजारी झोपले तेव्हा जवळ जवळ म्हणाले होते. ती म्हणाली, “नीज आते.” मी झोपले.

तो कॉम्प्युटर फार टिकला नाही. कंपनीने दोन-तीन वर्षांत तो काढणं बंद केलं. बिघडल्यावर सुटा भाग मिळेना, म्हणून शाळेने मोठे कॉम्प्युटर घेतले. माझे शब्द क्लार्कबाईंनी वेळेत दुसरीकडे हलवले, त्यात काही अक्षरं फुटली, ती मी पुन्हा बसवली. अजूनही बसवते आहे. आता नामपूरला गेले की आई माझ्याशी अहिराणीत बोलते आणि मी मोडकंतोडकं उत्तर देते.

नाशिकला आली की मात्र नाही. मी कितीदा सांगितलं. घरात आम्ही दोघीच असलो तर ‘शे’ म्हणते. दाराची बेल वाजली की तिची पाठ सरळ होते, ती पदर नीट करते, आणि आलेल्या माणसाला म्हणते, “या, बसा. मुलगी आत आहे.”